उपासांचा हिवाळा

६ नोव्हेंबर, गुरुवार

ट्रक आजही आला नाही.

दिवाळी होऊन गेली. एव्हाना चिंचदऱ्यातली निम्मी घरं कुलूपबंद असतात, म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी मागे राहतात. यंदा एकही कुलूप नाही. सगळे ओट्यावर बसून रस्त्याकडे बघतात.

दुपारी शहादेव मुकादम मोटारसायकलवर आला. दर वर्षी तोच आमच्या लोकांना ऊसतोडीला नेतो. आबा, सत्यमदादा, सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. तो गाडीवरून उतरलासुद्धा नाही. म्हणे, "कारखान्यानं मशिनी आणल्या. एक मशीन दिसभरात आख्खा फड झोपवतंय. तुमचे कोयते नेऊन मी काय करू? माझंच लई अवघड हाय."

दादा म्हणाला, "मंग आमी काय करावं?"

"मला कावून इचारतो बे? मशिनीला इचार!" आणि एकटाच हसला.

दर वर्षी मी या दिवसांत वहीत रडते, की आई-आबांना जावं लागतं. यंदा रडतेय, की जाता येत नाही! सोयाबीन सप्टेंबरच्या पावसात शेंगेतच उगवलं. म्हणजे कणगीत धान्य नाही, हाताला काम नाही, आणि खाणारी माणसं मात्र सगळी हजर.

९ नोव्हेंबर, रविवार

गाव एकदम धार्मिक झालंय. आबांचा सोमवार होताच, आता शनिवारही धरलाय. आईचा मार्गशीर्षातला गुरुवार असतो, तो तिने कार्तिकातच सुरू केला. विचारलं तर म्हणाली, "आगाऊ करून ठिवते."

आणि मनिषावहिनीला मंगळवार! तिची लेक पाच महिन्यांची, अंगावर पिते. मी चिडले, "बाळंतिणीनं कसला उपास गं?"

"नवस हाय."

"कसला नवस?"

"सगळं तुमाला सांगू का, वन्सं?"

उपास म्हटला की भगर लागते, दाणे लागतात. इथे उपास म्हणजे काळा चहा. मला कुणी फसवू नये. मी डी.एड. झालेली आहे, बिनकामाची असले तरी आंधळी नाही.

रविवार सगळ्यात वाईट. शाळेची खिचडी नसते. एरवी पोरं डबे नेतात, अर्धं तिथे खातात, अर्धं घरी आणतात. दर वर्षी फडावर गेलेल्यांच्या पोरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं, दोन्ही वेळचं जेवण मिळतं. यंदा ते बंद! पालक गावातच आहेत, मग वसतिगृह कशाला? नियमाने अगदी बरोबर आहे. मला नियम पटतो आणि डोकंही फिरतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

गावपुढारी मोहनरावांनी धान्याची किटं वाटली. पिशवीवर हात जोडलेले मोहनराव, शेजारी त्यांचा मुलगा, तोही हात जोडलेला. जिल्हा परिषदेला उभा राहणार आहे ना. प्रत्येकीचा पिशवी घेताना फोटो. गल्लीतल्या तुळजाबाईंनी पिशवी तिथेच उलटी केली, आतली बाजू बाहेर, सामान परत भरलं आणि पदराखाली धरून घरी नेली.

आबांनी घेतली नाही. "आपलं अजून तसं न्हाई झालं."

अजून कसं व्हायचंय?!

१३ नोव्हेंबर

निवडणूक पुढे गेली. उरलेली किटंही पुढे गेली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मला काम मिळालंय! म्हणजे मिळेल.

बीडच्या एका संस्थेच्या मॅडम आल्या होत्या. आमच्या शाळेत, वसतिगृहाच्या बंद खोलीत, अन्नकेंद्र चालवायचं. तांदूळ, तूरडाळ, तेल त्यांचं. स्वयंपाकाला दोन बाया. मी बघायचं. महिनाभर नीट चाललं तर मला कायम समन्वयक म्हणून घेणार. पगारी! मॅडम खूप चांगल्या आहेत. खाली सतरंजीवर बसल्या, माझं सगळं ऐकून घेतलं.

अटी तीन. जेवणाऱ्या प्रत्येकाचा जेवतानाचा फोटो मोबाईलवर पाठवायचा. अन्न केंद्राबाहेर जाऊ द्यायचं नाही. राजकीय किंवा धार्मिक कार्यक्रमाला दाणाही द्यायचा नाही. मी तिन्हींना होय म्हटलं. अटी रास्तच आहेत, नाहीतर मोहनराव पोत्यांवरही हात जोडून उभे राहतील.

घरी येऊन मी सगळ्यांना बजावलं: आपल्या घरातल्या कुणी केंद्रावर यायचं नाही. लोक म्हणतील, पोरीला किल्ली मिळाली आणि आधी स्वतःचं घर भरलं.

आबांनी मान डोलावली. "बराबर हाय तुझं." वहिनी लेकीला पाजायला आत गेली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

केंद्राचा पहिला दिवस. भात, वरण. वास गल्लीभर.

आलं कोण? पप्पू! दिवसा पिऊन पारावर झोपणारा पप्पू. भरपेट जेवला. फोटो काढताना डोळा मारला.

बाकी कुणी नाही. बायका शाळेवरून पाण्याला गेल्या, तोंड पलीकडे करून. मी एकीला हाक मारली तर म्हणाली, "आमचं जेवण झालं, बाई." मला "बाई" म्हणाली! परवापर्यंत तेजू होते.

उरलेला भात घरी द्यायचा नाही, ही अट. शेवटी गुरांच्या दावणीत टाकला. म्हशीने खाल्ला. म्हशीचा फोटो लागत नाही.

१८ नोव्हेंबर

आज पप्पूही आला नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रुक्मिणकाकूंशी वाजलं. देवळातल्या भजनी बायकांच्या त्या पुढारी. मी त्यांना म्हटलं, तुम्ही आलात तर इतर येतील.

"कावून येऊ?"

"जेवायला, काकू! तुमच्या घरात आज चूल पेटली नाही, मी बघितलंय."

त्या एवढ्या जोरात "एकादशी हाय माझी!" म्हणाल्या, की एकादशीही दचकली असेल. आज अमावस्या आहे!

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तेजू, तू लई शिकली. तुझा भात चांगला हाय. पण त्यो फोटू माझ्या पोरीच्या सासरी धर्मापुरीला दिसला, तर तिला तिथं पाणी गोड लागंल का? सासू म्हणंल, तुझी माय शाळंत भीक खाती."

"ही भीक नाही! तुमचा हक्क आहे!"

"हक्काचा फोटू काढतेत व्हय?"

रात्री उत्तर सुचलं, पण ते मलाच पटलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वहिनीचं दूध आटलं. छकुली ओढ ओढ ओढते आणि रडते. आई तांदळाची पेज करते म्हणाली, पण तांदूळ कुठे आहेत? माझ्या खोलीत आहेत. पोत्यांनी. माझ्या कमरेला किल्ली आहे.

मी वहिनीला म्हटलं, चला केंद्रावर. तिने छकुलीला खांद्यावर घेतलं. म्हणाली, "तुमीच न्हाई म्हणलं होतं ना, वन्सं." टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

आबांशी बोलायला गेले. मी शाळेत गेले ती थेट दुसरीत. त्याआधीची सगळी शाळा म्हणजे आबा. फडावर, आमच्या कोपीच्या दारात, उसाच्या पाचटाच्या राखेत बोटाने अक्षरं काढून द्यायचे. मी म्हटलं, आबा, एक ओंजळ आणते, कुणाला कळणार नाही. ते म्हणाले, "तुला कळंल की."

एवढा राग आला मला! त्यांचा की माझा, कळत नाही. नियम पाळणाऱ्या दोघांच्या मध्ये एक तान्हं मूल रडतंय.

शेवटी तुळजाबाईंची शेळी आठवली. जाऊन दूध मागितलं. मी मागितलं! त्यांनी वाटीभर दिलं, वर म्हणाल्या, "शेळीचा फोटू काढती का?"

२३ नोव्हेंबर, रविवार

आता हद्द झाली. सप्ताह बसवणार आहेत! दर वर्षी आमचा सप्ताह चैत्रात असतो, तोडकरी परत आल्यावर. यंदा आत्ताच, दत्तजयंतीला जोडून. सात दिवस भजन, कीर्तन, रोज पंगत, वर काला. पोटात कण नाही आणि पंगती उठवणार!

ही रुक्मिणकाकूंची कल्पना. मी देवळात जाऊन भांडले. "काकू, भोंगा, मंडप, कीर्तनकार, सगळ्याला धान्य घालवणार तुम्ही?"

"मंडप न्हाई. कीर्तनकार न्हाई. तुझा बाप मृदंग वाजवंल, आमी भजन म्हणू. भोंगा मात्र पायजे."

"भोंगाच कशाला?"

"तुला न्हाई कळायचं. तू फोटू काढ."

डोकं उठलंय. झोपते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

भोंगा कशाला ते आज कळलं.

सकाळी काकडा झाला आणि काकूंनी स्वतः माईक घेतला. "आजची आमटी आन दोन पोती जवारी बबनरावाची. देव त्यान्ला भरपूर देवो!" बबनराव म्हणजे मोहनरावांचे जुने वैरी, पलीकडच्या वाड्यावर त्यांची बागाईत आहे. भोंग्याचं तोंड नेमकं मोहनरावांच्या घराकडे बांधलेलं!

दुपारच्या आत मोहनरावांचा ट्रॅक्टर देवळापुढे. त्यांची बायको स्वतः आली. "आमचं नाव संध्याकाळी घेणार की उद्या? आन बबनरावाच्या आधी घ्या." त्यांनी ज्वारीबरोबर गूळ आणि तेलाचे डबेही आणले होते. काकू गंभीरपणे म्हणाल्या, "उद्याची आमटी तुमचीच, वैनी. पण बबनरावाचा परवाचा बी इचार दिसतुया."

परवासुद्धा मोहनरावच.

भाकरी मात्र घराघरातून. ज्वारी दळून गल्लीत वाटली, ज्याला जमेल तेवढ्या त्याने थापायच्या, टोपलीत घालून, वर फडकं झाकून देवळात आणायच्या. सभामंडपाच्या मागे धोतराचा पडदा लावून जमिनीवर चादर अंथरली आहे. टोपल्या तिथे रित्या करायच्या. कुणी किती आणल्या ते कुणी बघायचं नाही, असा शिरस्ता आहे म्हणे. पडद्यामागे फक्त काकू.

काकूंची कंबर धरली म्हणून उद्या तिथे मी. मला म्हणाल्या, "तू इमानदार हायेस. तोंड बंद ठिवशील."

२९ नोव्हेंबर, शनिवार

अन्नकेंद्रावर आजही कुणी नाही. भात लावलाच नाही. मॅडमना तसं कळवलं.

मग पडद्यामागे बसले.

पहिली टोपली, भाकरी भरपूर. रिती केली. दुसरी टोपली घेतली, फडकं काढलं. रिकामी! मला वाटलं, चुकून आली. तिसरी, एकच भाकरी, कडा जळलेली. चौथी रिकामी. मी घाबरून काकूंकडे बघितलं. बाहेर भजन चाललंय, ओट्यावर टोपलीवाल्या बायका ताठ मानेने बसल्यात, जणू मणभर आणलंय.

मी कुजबुजले, "काकू, ही रिकामी आहे."

"मंग?"

"मंग म्हणजे? फसवतायत!"

काकूंनी चादरीवरून ढीगभर भाकरी उचलल्या, त्या रिकाम्या टोपलीत घातल्या, फडकं झाकलं, चारी बाजूंनी नीट खोचलं. "देवाच्या दारातून भांडं रिकामं परत देत असतेत का? आयनं शिकवलं न्हाई तुला?"

शिकवलंय. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, चिमूटभर साखर तरी घालायची. हे मला अक्षरं यायच्या आधीपासून माहीत आहे. पण तेव्हा त्याचा असा काही उपयोग असेल असं वाटलं नव्हतं.

मी भरत गेले. जिची भरून आली तिला दोन घालून परत. जिची रिकामी आली तिला दडपून. मग एक टोपली हातात आली. कडेचा वेत तुटलेला, निळ्या सुतळीने बांधलेला. सुतळी मीच बांधली होती. आमची.

फडकं काढायचा धीर होईना. काढलं.

काकू दुसरीकडे बघत म्हणाल्या, "भर लौकर. रांग लागली बाहीर."

३० नोव्हेंबर, रविवार

वहिनी पंगतीला बसते. आई बसते. दादा तर वाढायलाही असतो आणि जेवायलाही. गावातले सगळे उपास सुटलेत, कारण प्रसादाला नाही म्हणता येत नाही! तुळजाबाईंचा शेजारी मला म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमच्या भातापरीस हितली आमटी पातळ हाय, पण पचती बगा."

छकुली आज पोटभर प्याली आणि माझ्या मांडीवर झोपली.

फक्त आबा. मृदंग वाजवतात आणि पंगत बसायच्या आत उठून जातात. घरी आईने टोपलीतली भाकरी दिली तर एक घास मोडला, कपाळाला लावला, खाल्ला, बाकी परत. "प्रसाद घासभर असतो."

मी ओरडले. हो, ओरडले आबांवर! ते शांतपणे म्हणाले, "दर साल फडावरनं आलं की सप्त्यात आपल्या घरची एक पंगत असती, तेजू. यंदा न्हाई. ज्याची पंगत न्हाई त्यानं पाटावर कसं बसायचं? बायापोरांचं येगळं."

असा नियम कुठेही लिहिलेला नाही! गावात दुसरं कुणी तो पाळत नाही! मी हे कुणाला सांगतेय? माझा स्वभाव आला कुठून ते आज स्वच्छ दिसलं.

२ डिसेंबर, मंगळवार

हरिपाठात आबांना चक्कर आली. मृदंग गळ्यात तसाच, बाजूला कलले. दादाने धरलं. पाणी मारलं. उठून म्हणाले, "ठेका कुठं होता?"

काकूंनी मला देवळामागे ओढलं. "भोंग्याचं काम सरलं. बबनराव थकला, म्हणून मोहनराव बी थंडावला. काल्यापुरतं हाय. त्याच्या फुडं?" त्यांनी माझ्या कमरेच्या किल्लीकडे बघितलं. "तुझ्या खोलीतली पोती काय उंदरासाठी राखलीस व्हय गं?"

"माझी नाहीत ती, काकू."

"मंग कुणाची हायेत? खानाऱ्याची का राखनाऱ्याची?"

३ डिसेंबर, बुधवार

मॅडमना फोन केला. देवळातल्या पंगतीला तांदूळ देऊ का? नाही. शाळेतच शिजवू, पण फोटो नको? नाही. बायकांनी भांड्यात झाकून घरी नेलं तर? त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "तेजश्री, मलाही वर दाखवावं लागतं. फोटो नसेल तर तुझ्या गावात कुणी जेवलंच नाही असं होतं. एवढा महिना सांभाळून घे. तुझं नाव मी पुढे पाठवलंय."

त्या वाईट नाहीत. वाईट कुणीच नाही, हाच वैताग आहे!

ही नोकरी गेली तर दुसरी कुठे? भरती कधी निघेल कुणाला माहीत. दादाला काम नाही, आबांना नाही. या घरात पगाराची शक्यता असलेली एकटी मी. मी दिलेला शब्द मोडला तर मग माझ्याजवळ राहिलं काय?

पण खोलीत गेले होते. तांदळात काळे टोके फिरतायत.

४ डिसेंबर, दत्तजयंती

किल्ली दिवसभर मुठीत होती. हाताला गंजाचा वास येतोय.

५ डिसेंबर, शुक्रवार

काला झाला. दहीहंडी फुटली. लाह्यांसाठी पोरांची झुंबड. विणा खाली ठेवला आणि सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले. कुणी घरी जाईना.

मी शाळेत गेले, कुलूप काढलं, दादाला आणि पप्पूला हाक मारली. पोती बैलगाडीत घातली. देवळात नेली. काकूंना किल्लीही दिली, रिकाम्या खोलीची.

मग पारावर बसून मॅडमना लिहिलं. खोटं काही लिहिलं नाही. केंद्र बंद केलं, धान्य देवळात दिलं, लोक झाकलेल्या टोपलीत नेतील, फोटो मिळणार नाहीत, निर्णय माझा एकटीचा. परत परत वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. पाठवलं.

चुकलं का माझं? चुकलंच. पण केलं नसतं तर?

६ डिसेंबर, शनिवार

मॅडमचं उत्तर आलं. आमच्याऐवजी दुसऱ्या गावाला केंद्र देत आहेत. "वाईट वाटतं" असं खाली लिहिलंय. खरंच वाटत असेल.

दुपारी भोंगा वाजला. सप्ताह तर संपला! काकूंचा आवाज: "आजची पंगत राधाकिशनच्या तेजश्रीची."

आबांच्या नावासकट माझं नाव! मी धावत गेले, ओरडून सांगितलं, माझी नाही, संस्थेची आहे, खोटं नाव घेऊ नका! काकू म्हणाल्या, "गप. वाढ."

बादली घेऊन ओळीत वळले, तर पहिल्याच पत्रावळीवर आबा बसलेले. वर न बघता म्हणाले, "भात जरा जास्त वाढ."